बाळ किती रविवारांचं?

आमच्या चर्चच्या निवृत्त धर्मशिक्षकांइतकी घाई देवालाही कधी झाली नसेल. सगळी छावणी त्यांना नुसतं मास्तर म्हणते. कुणाकडे बाळ जन्मलं की हिरव्या मोपेडच्या हँडलला दौलताबादच्या पेरूंची पिशवी लटकवून ते दारात हजर व्हायचे, आणि बाळंतिणीला बरं आहे ना हे विचारायच्या आधी विचारायचे, "किती रविवारांचं झालं?" दिवस, महिने ही मापं त्यांना मान्यच नाहीत. लोणचं दोन रविवार मुरतं, गुडघा पाच रविवार दुखतो आणि बाळाचा बाप्तिस्मा तिसऱ्या रविवारी व्हायलाच हवा. त्यांचं गणित ठरलेलं: "पहिले दोन रविवार आईला उभं राहू द्या. तिसऱ्याला पाणी. चौथा आळसाचा. पाचव्यापासून पुढं नुसती बिर्याणी." म्हणजे त्यापुढे लोक थांबतात ते बाळासाठी नव्हे, पंगतीसाठी.

शेजारच्या शेखभाभींच्या नातवाचं वयही त्यांनी सवयीने असंच विचारलं होतं. भाभी म्हणाल्या, "मास्टर, हमारे यहाँ जुम्मे गिनते." मास्तर म्हणाले, "मग जुम्मे मोजा भाभी, पन मोजा तरी!" आणि चार पेरू ठेवून गेले.

उशीर करणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे एक हुकमी किस्सा आहे. एका जोडप्याने बाप्तिस्मा आणि मुलाचा दुसरा वाढदिवस एकाच मांडवात उरकायचं ठरवलं. फादरांनी विधीप्रमाणे आईबापांना विचारलं, "तुम्ही सैतानाचा त्याग करता का?" त्यांनी तोंड उघडायच्या आत कडेवरचं पोरगं खणखणीत ओरडलं, "नको!" हे सांगून मास्तर डोळे पुसेपर्यंत हसतात आणि म्हणतात, "बोलाया लागायच्या आत उरकावं, ताई."

मी शाळेच्या कार्यालयात काम करते आणि यादीशिवाय भाजीलाही जात नाही. लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली, नात झाली, आणि मी बाप्तिस्म्याची एकतीस कलमांची यादी केली. हॉल, केक, पालकांचा तयारीवर्ग, धर्मपित्यासाठी त्याच्या चर्चचं पत्र. बाप्तिस्म्यात बाळाची हमी घेणारा हा धर्मपिता म्हणजे जावयाचा भाऊ, दुबईत नोकरीला. त्याची रजा आणि हॉलची तारीख जुळत होती ती थेट बाराव्या रविवारी. म्हणून एकतिसावं कलम होतं: मास्तरांना समजावणे.

तिसऱ्या रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर मास्तर घरी आले. या खेपेला पेरू नव्हते, उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेलं एक पांढरं झबलं होतं. ते मला माहीत होतं. त्यांच्या दिवंगत पत्नीने शिवलेलं ते झबलं छावणीतलं प्रत्येक कॅथलिक बाळ बाप्तिस्म्याला घालतं आणि सोमवारी ते धुऊन परत जातं. मी टेप काढून माप घेतलं आणि म्हटलं, "मास्तर, बाराव्या रविवारी हे हिच्या अंगात जाणार नाही. मी याच नमुन्याचं मोठं शिवून घेते. पुढे सगळ्यांनाच सोयीचं होईल."

मास्तरांनी झबल्याची घडी घातली, ती पुन्हा उलगडली आणि म्हणाले, "तिनं आमच्या बाळासाठी शिवलं व्हतं. गुरुवारी झालं बाळ. फादर खेड्यावर गेलेले, म्हनले रविवारी येतो. शनिवारी सकाळी गेलं."

मी टेप गुंडाळायला लागले.

"जीव धोक्यात असला तर कुनीबी पानी घालू शकतं, ताई. मीसुद्धा. पन ते मला तवा ठाव नव्हतं. मी आपला दारात बसून फादरची वाट बघत व्हतो. लेकराला एकबी रविवार नाय मिळाला."

ते गेल्यावर मी यादी घेऊन बसले आणि एक एक कलम खोडत गेले. शेवटी चार उरली: फादर, वर्ग, पत्र, झबलं. शनिवारपर्यंत वर्ग झाला, पत्र फोनवर आलं. चौथ्या रविवारी धर्मपिता दुबईहून व्हिडिओ कॉलवर दिसत राहिला आणि फादरांच्या परवानगीने त्याच्या वतीने मास्तर उभे राहिले. नातीच्या कपाळावर पाणी पडलं तेव्हा ती रडली नाही, मास्तर रडले. बाहेर येऊन मात्र मला म्हणाले, "चौथा म्हंजे आळसाचाच. पन चालंल."

एकतीस कलमांचा तो सोहळा झाला असता तर त्यातलं काय आठवलं असतं कोण जाणे. त्या सकाळचं सगळं आठवतं, आणि ते मास्तरांचं देणं आहे.

आता मोपेड अंगणात उभी असते. मास्तरांना रस्त्यावरची गर्दी झेपत नाही, म्हणून नवीन बाळांकडे झबलं घेऊन मी जाते आणि आल्यावर त्यांना बातमी देते. परवा मी ते कुणीकुणी घातलं याची वही करायला घेतली. मास्तर बाजेवर पडून आठवतील तशी नावं सांगत होते, मी लिहीत होते. शेवटी विचारलं, "आणि सगळ्यात पहिलं?"

ते झबल्याकडे बघत राहिले. "त्याचं नाव ठेवायचं राहिलं," म्हणाले.

मी नावं क्रमाने लावून घेतली. अर्धवट यादी मला खपत नाही. पण पहिली ओळ मी कोरी ठेवली आणि दोनपासून लिहायला लागले.