आमचा टँकर, आपला टँकर

माझी आई सरपंच हाय. खरीखुरी! सही तिची आन् कारभार पप्पांचा, तसलं बिलकुल न्हाई. कुंभार पिंपळगावच्या अलीकडं आमचं गाव, तिथं मीटिंगा बी तीच घेती. हे मी कॉलेजात सगळ्यांना सांगत सुटते. टँकरची गोष्ट तेवढी सांगत न्हाई, कारण त्यात चोर मी हाय!

त्या उन्हाळ्यात दोन दिवसाआड एकच टँकर यायचा. ज्यानं त्यानं आपला ड्रम रांगेत ठिवायचा. माणूस नसलं तरी चालतं, ड्रमाचा नंबर पक्का. त्या दिवशी दुपारी ताईला बघायला पाहुणे येणार होते, चांगली दहा-बारा माणसं, आन् घरात पाणी दीड हंडा! ड्रम लावायचं काम माझं, आन् मी उठले उशिरा. जाऊन बघते तर पार शेवटी जागा. आई पंचायतीत गेल्ती. मंग काय, मी आमचा निळा ड्रम लोटत लोटत सगळ्यांच्या पुढं नेला.

"अगं ए, नंबर?" शेजारची चाची म्हणाली.

"घेऊ द्या ना चाची जल्दी. आमचाच तर टँकर हाय. आईनंच आणलाय."

मागून एक काकू बोलली, "घ्या! टँकर यांच्या घरचा झाला. आता आपुण तांब्या घेऊन यांच्या दारात बसायचं."

सगळ्या हसल्या. मी झाकण काढून मोकळी!

तेवढ्यात पाठीमागं आई. तिनं सगळं ऐकलं होतं.

"काय म्हणलीस? आमचा?"

मी झाकण परत लावाया लागले.

"आमचा म्हणलं की ह्या समद्या बाहेर राह्यल्या. आपला म्हण."

आन् पदर खोचून तिनं स्वतः ड्रम लोटत शेवटाला नेला. बायांकडं बघून म्हणाली, "चूक माझ्या घरची हाय. आमचा नंबर शेवटचा."

मी तिच्या कानात, "मम्मी, पाहुणे! ताईचं काय?"

"त्यांना बी खरं सांगू."

आमचा नंबर आला तवा पाइपातून नुस्ती हवा.

घरी ताई रडून राह्यली, मी तोंड लपवून बसले. तेवढ्यात दारात चाची, कमरेवर हंडा!

"ए आमचेवाली! बर्तन ला. आपला पानी आया."

तिच्या मागं ती टोमणेवाली काकू बी, घागर घेऊन. पण आईनं आधी विचारलं, "तुमच्या घरात बराबर हाय ना?" दोघी हो म्हणल्या, मंगच घेतलं.

पाहुण्यांचा चहा झाला, जेवण झालं. आईनं त्यांना सगळं सांगितलं, माझ्या चोरीसकट! ताई आता त्याच घरात, जुन्या जालन्यात नांदती.

मला मात्र चाची अजून आमचेवालीच म्हणती. म्हणू दे! मला तर लई भारी वाटतं, कारण त्या नावात ड्रम शेवटाला नेणारी माझी आई हाय.

आता गावच्या ग्रुपवर टँकरचा मेसेज मीच टाकते. माझी बोटं लई फास्ट. परवा बी टाइप झालंच, "आमचा टँ..." जल्दी खोडलं. "आपला टँकर निघाला."

लगेच चाचीचा व्हॉइस मेसेज, "आमचेवाली, पयले तेरा ड्रम नंबर में लगा!"

लावला. सातवा आला.