चांगुणामावशीची मूठमाती

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, मुलाला नाही, आणि ज्याच्याबरोबर रोज संध्याकाळी फिरायला जातो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. परवा जे झालं त्यानंतर ते पोटात राहीना, हेही आहेच.

मी तळेगाव ढमढेऱ्याचा. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झालो आणि पेन्शनरांना घेऊन रणभूमी दाखवत हिंडायचं वेड लागलं — किल्ले, लढायांची मैदानं, सैनिकांची स्मशानं. लोक म्हणतात, गुरुजी बोलायला लागले की मेलेली माणसं उठून बसतात. मला ते ऐकायला आवडतं. फार आवडतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

तीन वर्षांपूर्वी इंफाळची सहल ठरली, तेव्हा कारेगावहून चांगुणामावशीचा निरोप आला. तिचं घराणं पूर्वी मेंढरांमागं फिरणारं; आता थोडी शेती आणि कंपनीतल्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या सहा खोल्या. वय ऐंशीच्या पुढं. ती आईच्या पोटात असताना बाप पलटणीत गेला आणि दुसऱ्या महायुद्धात इंफाळजवळ मारला गेला. घरी आला तो नुसता कागद. त्यांच्या भावकीत माणसाला पुरतात. प्रत्येकानं मूठभर माती टाकली की मगच तो सुटला म्हणायचं. बाप सुटलेला नाही, हे दुखणं मावशीनं जन्मभर सांभाळलं होतं.

तिनं बांधावरची माती फडक्यात बांधून माझ्या हातात दिली.

"गुरुजी, माझ्या बापाला मूठमाती मिळाली न्हाई. एवढी त्याच्या नावाच्या दगडापाशी टाका. आन् येताना तिथली मूठभर आणा, मी मेल्यावर माझ्यावर टाकायला. त्यानं मला बघितलं न्हाई, म्या त्याला न्हाई. मातीची तरी गाठ पडू द्या."

मी शब्द दिला. छातीवर हात ठेवून दिला — मला तेही आवडतं.

पुण्याच्या विमानतळावर तपासणीत माझी पिशवी उघडली गेली. मागं रांगेत माझीच माणसं. जवानानं ती पुरचुंडी वर धरली आणि विचारलं, "ये क्या है?" काय अवघड होतं सांगायला? त्याच्याही अंगावर वर्दी होती. खरं सांगितलं असतं तर त्यानं ती कपाळालाही लावली असती कदाचित. पण मागून कुणीतरी हसलं — "गुरुजी, भस्म आणलंय का काय?" — आणि मी म्हणालो, "कुछ नहीं. कचरा है." मग माझ्याच हातानं ती कचऱ्याच्या डब्यात टाकली.

कचरा. हाच शब्द वापरला मी.

थांबा. इथंच संपत नाही हे.

इंफाळला तो दगड सापडला. कातरलेली हिरवळ, दगडांच्या रांगा, आणि त्यात त्याचं नाव. मी पुढं उभा राहून बोललो — पोटातली पोर, घरी आलेला कागद, सगळं. बायका रडल्या. पुरुषांनी चष्मे पुसले. लोक हात मिळवायला आले, फोटो निघाले, आणि त्या कौतुकात मूठभर माती घ्यायचं मी विसरलो. पायाखाली होती हो! नुसतं वाकायचं होतं.

आठवलं ते पुण्याच्या विमानतळावरून गावाकडं परतताना, शिक्रापूरला जीप चहाला थांबली तेव्हा. ट्रकांची रांग लागली होती, धुरानं डोळे चुरचुरत होते. खिशात औषधाच्या दुकानाची रिकामी पिशवी होती. ती काढली आणि रस्त्याच्या दुभाजकातली माती तिच्यात भरली. माती ती माती, असं स्वतःला म्हणालो. कोण म्हणालं? — ह्या मातीसाठी माणसं मेली, असं तीस वर्षं पोरांना शिकवणारा मी.

मावशीनं ती माती ताटात ओतली. चिमटीत घेऊन चोळली, हुंगली. जन्म मातीत गेलेली बाई!

"आपल्यावानीच हाय की," ती म्हणाली. "बरं झालं. बापाला परकं वाटलं नसंल."

तिला कळलं होतं का? मला आजही सांगता येत नाही. मग तिच्या बोटाला काहीतरी लागलं. काचेचा दाणा — ट्रकची काच फुटली की रस्त्यावर सांडतात तसला. तिनं तो उजेडात धरला. "ही बाँबची काच असंल का वो?"

"असेल," मी म्हणालो. कुणाच्या अपघाताची होती ती? त्यात कोण गेलं होतं? मी असेल म्हणालो.

तिनं काचेसकट माती स्टीलच्या डबीत भरून देवाजवळ ठेवली. बाप सुटला, असं ती गावभर सांगत सुटली. मला भुईमुगाच्या शेंगा पाठवल्या, मी खाल्ल्या. तिच्या नातवाला पुढच्या सहलीला यायचं होतं, पणज्याचा दगड बघायला. मी जागा भरल्या म्हणून सांगितलं. जागा होत्या. तिच्या मुलाचा, संपतचा फोन आला की मी तो तसाच वाजू द्यायचो, आणि शिक्रापूरला एसटी त्या दुभाजकापाशी रेंगाळली की मी दुसऱ्या खिडकीकडं बघत बसायचो.

गेल्या महिन्यात ती अंथरुणाला खिळली. भेटायला गेलो तर तिनं माझं मनगट धरलं.

"गुरुजी, तुमच्या हातनं टाकली नव्हं?"

"टाकली, मावशी."

ती हसली. खोलीत आम्ही दोघंच होतो. तिथं सांगता आलं असतं.

परवा ती गेली. बांधाशेजारी खड्डा घेतला होता. संपतनं ती डबी माझ्यापुढं धरली. "गुरुजी, पयली मूठ तुमची. तुम्ही आणलीया."

डबी उघडली. काचेचा दाणा वरच होता. तो मी बाजूला काढला नाही. मूठ भरली आणि तिच्यावर टाकली. मग बाकीच्यांनी टाकली. सगळं झाल्यावर संपत माझ्या पाया पडला, आणि मी पडू दिलं.

घरी आलो, आंघोळ केली, जेवायला बसलो. नेहमीएवढंच जेवलो.