सरळ रेघेचं अंतर

नगरपालिकेच्या नकाशा विभागात दोन टेबलं होती. एका टेबलावरचे काका निवृत्त झाले, तेव्हा साहेबांनी ती जागा भरलीच नाही. त्यामुळे सगळा कारभार दुसऱ्या टेबलावरच्या नकाशाताईंच्या एकटीच्या गळ्यात पडला. बाई पंचेचाळिशीच्या, कामाला वाघ, पण मुखदुर्बळ. घरात नवरा आणि विधवा नणंद. नणंद फटकळ होती. "हिला घरात मिठाची बरणी सापडत नाही, आणि गावाला वाटा दाखवते," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ताई हसून सोडून द्यायच्या.

एका सकाळी साहेबांनी बोलावलं. शहराला रुग्णवाहिकेचं नवं ठाणं मंजूर झालं होतं.

"सगळ्या वस्त्यांना जवळ पडेल अशी जागा काढा. दुपारी बैठक आहे. संगणकानं काढली म्हटलं की कुणी तोंड उघडत नाही."

काम अवघड नव्हतं. शहराच्या सत्तेचाळीस वस्त्या ताईंनीच कधीकाळी संगणकावर आखल्या होत्या. प्रत्येक वस्ती म्हणजे एक बंद आकृती. सॉफ्टवेअर प्रत्येक आकृतीचा मध्य धरतं, तिथून बाकीच्या सगळ्या मध्यांपर्यंतची अंतरं मोजतं आणि बेरीज करतं. जिची बेरीज सर्वांत कमी, ती मध्यवर्ती. ताईंनी लोकसंख्येचा रकानाही जोडला, म्हणजे दाट वस्तीचं वजन जास्त धरलं जाईल. पडद्यावर फार गिचमिड दिसत होती, म्हणून रस्त्यांचा आणि कालव्याचा थर बंद केला. बटण दाबलं. चार सेकंदांत बंद गिरणीमागची वस्ती पिवळी झाली. दुपारी बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या.

दहा महिन्यांत ठाणं उभं राहिलं. पांढऱ्या भिंती, दोन गाड्या, छपरावर फिरता दिवा.

त्यानंतर काही आठवड्यांनी एक सुतार कार्यालयात आला. नखांत भुसा, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. साहेबांच्या दारात उभं राहून त्यानं विचारलं, "ठाण्याची जागा कुणी ठरवली?"

"संगणकानं," साहेब म्हणाले. "शास्त्रीय पद्धतीनं."

"माझ्या आईला एका सकाळी धाप लागली. आमच्या खिडकीतून ठाण्याचा दिवा दिसतो. गाडी निघालेली मी डोळ्यांनी पाहिली. मग ती उलट्या दिशेला गेली. कालव्याला पूल कुठं आहे? पार टोकाला. गाडी दारात आली तेव्हा आई गेली होती."

साहेबांनी कागद चाळायला घेतले. आतल्या खोलीत ताईंना सगळं ऐकू आलं होतं. गप्प बसल्या असत्या तर कुणी त्यांचं नाव काढलं नसतं. त्या उठून दारात आल्या.

"जागा मी काढली," त्या म्हणाल्या.

सुतारानं त्यांच्याकडे पाहिलं. तो ओरडेल असं त्यांना वाटलं. "कालवा माहीत नव्हता तुम्हाला?" एवढंच त्यानं विचारलं.

"माहीत होता. मी त्याच पुलावरून रोज कामाला येते."

तो जिना उतरून गेला. साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "कशाला अंगावर ओढून घेतलंत?"

ताईंनी पुन्हा संगणक सुरू केला. सुताराची वस्ती ठाण्यापासून सरळ रेघेत नऊशे मीटर होती. रस्त्यानं सव्वासहा किलोमीटर. पाखराला जवळ, माणसाला लांब. थर चालू ठेवले असते तरी सॉफ्टवेअरनं सरळच मोजलं असतं, पण निदान त्यांच्या डोळ्यांना तरी कालवा दिसला असता. कालव्यापलीकडे अशा अकरा वस्त्या होत्या. आठवडाभर खपून त्यांनी सगळी अंतरं रस्त्यानं मोजली. या वेळी मध्य पुलाजवळच्या वस्तीत आला. त्यांनी टिपण लिहिलं, चूक आपली आहे असं पहिल्याच ओळीत मांडलं आणि साहेबांपुढे ठेवलं.

"इमारत काय डोक्यावर उचलून न्यायची?" साहेब म्हणाले आणि टिपण खणात टाकलं.

"इमारत राहू दे. एक गाडी पलीकडे उभी करा."

"बघू."

बघू म्हणजे काय, हे ताईंना बावीस वर्षांत कळलं होतं. घरी त्या जेवेनात. नणंदेनं दोन दिवस टोमणे मारले, तिसऱ्या दिवशी शेजारी येऊन बसली. "वहिनी, काय झालं ते सांग." ताईंनी सांगितलं. नणंदेनं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "आमच्या ह्यांना झटका आला तेव्हा मीपण दारात गाडीची वाट पाहत उभी होते. त्या सुताराकडे जा. माफीबिफी मागू नकोस. कागद दे त्याला."

ताई गेल्या. सुतार अंगणात रंधा मारत होता. त्यानं टिपणाची प्रत उभ्यानंच वाचली, पहिली ओळ दोनदा. पाणी विचारलं नाही, बसा म्हटलं नाही. पण अकरा वस्त्यांतून त्यानं सह्या गोळा केल्या, आणि तो कागद टिपणासकट वरच्या कार्यालयात गेला.

वरून विचारणा आली, तशी साहेबांनी सगळी चूक ताईंच्या माथी मारली. तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं. ताईंची बदली पाणीमीटरच्या खिडकीवर झाली. नकाशा विभागाला कुलूप लागलं. तोवर पलीकडे एक रंगारी शिडीवरून पडला होता आणि गाडीची वाट पाहतच गेला होता.

अखेर एक गाडी पुलापलीकडे उभी राहू लागली. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. बाकीच्या वेळेसाठी चालक नाही, असं सांगण्यात आलं.

एकदा सुतार मीटरची तक्रार घेऊन खिडकीपाशी आला. ताईंनी अर्ज भरून दिला, त्यानं सही केली.

"सहानंतरचं काय?" त्यानं विचारलं.

"दुसरा अर्ज दिलाय मी," ताई म्हणाल्या. "उत्तर नाही आलं अजून."

त्यानं मान हलवली आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.