पडवीतलं निळं पिल्लू

“हिरव्याच्या आत निळं असतंच. वरचं पिवळं चढलं नाही की ते उघडं पडतं,” असं नाटे गावची मथुरा एकदा म्हणाली होती.

तिचा नवरा गंगाराम बोटीवर खलाशी. चौतीस साली त्याने चिमणीएवढ्या विलायती पोपटांची जोडी आणून पडवीत टांगली आणि तो पुन्हा बोटीवर गेला. दोन्ही पक्षी हिरवे, पिवळ्या तोंडाचे. मागाहून मथुरेला मुलगी झाली. तिचे डोळे घारे निघाले. दोन्ही घरांत घारं कुणीच नव्हतं. सासू गोदूबाई मुलीला मांडीवर घेई ती तिचं तोंड भिंतीकडे करून. शेजारणीने विचारलं की म्हणे, माझा झील बोटीवरून येऊ दे, तो बघेल. खाडीत शीड दिसलं की मथुरा मुलीला घेऊन आत जाई.

मग पिंजऱ्यातल्या घरट्याच्या मडक्यातून पिल्लं बाहेर आली, त्यांत एक निळं, पांढऱ्या तोंडाचं. पिंजऱ्यात दुसरा नर शिरलाच नव्हता. मथुरेला धीर आला, पण भीतीने तिला पुढचंही सुचवलं. निळ्याच्या पाठची दोन हिरवी पिल्लं तिने वेगळ्या पिंजऱ्यात वाढवली. राळ्याचे दाणे घालताना ती रोज त्यांच्या मडक्यात डोकावे. त्यांच्याही पोटी निळं आलं.

गंगाराम आला. तिने त्याला थोरली जोडी आणि निळं पिल्लू दाखवलं. तो हसला.

“मादी माझ्याकडे यायच्या आधी कुणाजवळ होती, कुणास ठाऊक.”

तिने दुसरा पिंजरा पुढे ओढला.

“ही दोघं ह्याच पडवीत जन्मली. ह्यांनी दुसरं कोण बघितलं? तुम्हीच सांगा.”

त्याने वाकून पिंजऱ्यात पाहिलं. गोदूबाई आतून म्हणाली, “पाखरांचा न्याय माणसांस लावतेस? देवीस कौल लाव रे बाबा.” गंगारामने मान हलवली.

देवळात गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर मूल घरचं. डावी पडली तर नाही. सगळे वर बघत राहिले. मथुरेने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे हात जोडलेले, ओठ हलत होते. तो कोणती पाकळी मागतो आहे, हे तिला कळेना.

डावीकडची पाकळी जराशी सरकली. उजवीकडचीही सरकली.

मथुरेने मुलीला काखेत घेतलं आणि कोणती पडते हे बघायला न थांबता ती देवळाबाहेर पडली.