हिराचे तीन पेले

अनय, ईरा, तुम्हाला हिराची गोष्ट सांगते. ठिबक सिंचन बसवलेल्या शेतात गेल्यावर सगळे आधी पंपाकडे जातात. हिरा मात्र थेट शेवटच्या बांधाकडे चालू लागते. नळीचं पाणी तिथवर पोचलं का, हे तिला आधी बघायचं असतं. "पंपापाशी समदंच झ्याक दिसतं, बाई," असं ती मला सांगते.

शाळेत ती माझी विद्यार्थिनी होती. आता ती किकवीला ठिबक बसवणारे कारागीर तयार करते. प्रशिक्षणाची इंग्रजी पुस्तिका मी तिला मराठीत लिहून दिली, तेव्हापासून तिच्या वर्गात माझी एक खुर्ची ठरलेली आहे.

मागच्या तुकडीत तिचा धाकटा दीर सुरेश होता. दाखला मिळताच त्याला सारोळ्याच्या एका दुकानात काम मिळणार होतं. परीक्षा म्हणजे त्याने स्वतः ठिबक बसवलेलं टोमॅटोचं शेत. हिराने पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या झाडापाशी नळीखाली सारखे तीन पेले ठेवले आणि घड्याळ लावलं. पहिला पेला भरून वाहू लागला, तरी शेवटच्याचा तळ झाकला नव्हता.

शेतमालक आजोबांना थेंबाथेंबाने पाणी देणं पटत नव्हतं. त्यांच्या सांगण्यावरून सुरेशने पंपाजवळच्या नळ्यांची छिद्रं बाभळीच्या काट्याने मोठी केली होती. वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, असं तो पुटपुटला.

"त्यांचं मन राखलंत, भाऊजी, पर शेवटच्या वळीतली झाडं तानेली ऱ्हायली." एवढं म्हणून हिराने त्याच्या नावापुढे 'नापास' लिहिलं.

सासूने आठवडाभर अबोला धरला. घरच्याच माणसाच्या पोटावर हिने पाय दिला, असं ती शेजारणींना मुद्दाम मोठ्याने सांगे. हिरा मात्र रोज भाकऱ्या थापून सुरेशबरोबर त्याच शेतात जायची. दोघांनी मिळून बिघडलेल्या नळ्या काढल्या, नव्या टाकल्या. फेरपरीक्षेत तिन्ही पेले सारखे भरले.

गेल्या महिन्यात मी हिराबरोबर त्या शेतावर गेले होते. आजोबांना त्याच पंपावर शेजारचा वांग्याचा तुकडाही जोडून हवा होता. सुरेश शांतपणे म्हणाला, "न्हाई, आजोबा. ह्या पंपाला तेवढं झेपायचं न्हाई. मापानं करायचं आसंल तर करतो, न्हाईतर दुसरा मानूस बगा."

आजोबा रागाने बांधावर जाऊन बसले. थोड्या वेळाने तिथूनच त्यांनी विचारलं, मग पंप केवढा घ्यावा लागेल?

एसटीची वाट बघताना हिरा पदर सारखा करत मला म्हणाली, "बाई, पुढल्या तुकडीला भाऊजी शिकवतील. मी मागं बसंन."