न झाडलेलं अंगण

बाना लोम्बेच्या अंगणात आंब्याचं पान पडलं, तर त्या पानालाच लाज वाटावी, इतकं ते लख्ख. लोम्बेची आई म्हणून बाना लोम्बे. लोम्बे नवऱ्यामागे किट्वे शहरात गेली आणि तिची चार वर्षांची पोर कासुबा आजीच्या गळ्यात पडली. आजीचे गुडघे केव्हाच संपावर गेलेले, तरी उजाडताच खराटा हातात. काय करणार? आमच्या वस्तीत बाईची परीक्षा अंगणावरून होते. घरातली खरकटी भांडी कोण बघतंय?

बंद पडलेल्या खाणीची शिशाची धूळ साऱ्या वस्तीत. कासुबा त्याच मातीत खेळायची, बोटं चोखायची. दवाखान्यात तिचं बोट टोचलं, तर रक्तात शिसं सेहेचाळीस. पाचाच्या आत हवं, म्हणे. पोरगी जेवेना, बडबडी होती ती गप्प झाली.

मग शिशाची माती सुधारणाऱ्या प्रकल्पाची म्वापे आली. तिच्या माणसांनी अंगण चार बोटं खणून त्यात माशांच्या हाडांची पूड कालवली.

"आई, हाडांत ॲपेटाइट नावाचं खनिज असतं. ते शिशाला असं धरून ठेवतं, की माती पोटात गेली तरी शिसं रक्तात फारसं उतरत नाही. वर गवत पेरलंय. फक्त पाणी घाला."

"बरं बाई."

वास असा सुटला, की गल्लीतल्या मांजरांनी तिथेच बिऱ्हाड केलं. शेजारची बाना चोला कुंपणावरून म्हणाली, "काय गं, सुक्या मासळीचं दुकान काढलंस?"

"हो. तुझा नवरा आत्ताच फुकटात वास घेऊन गेला."

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. पन्नास! म्वापे धावत घरी आली. अंगण आरशासारखं.

"आई, गवत कुठंय?"

"कोंब आले होते. घाण दिसत होती. झाडली."

"रोज झाडता?"

"म्हणजे काय! पारोसं ठेवू अंगण?"

म्वापेने मागे जाऊन पाहिलं. भुसभुशीत माती रोज थोडी थोडी झाडली जाऊन पुडीसकट मागच्या खड्ड्यात गेली होती. खालची जुनी, विषारी माती उघडी पडली होती, आणि खराट्याने तिचीच धूळ घरात उडत होती.

"म्हणजे पोरीला मीच..." बाना लोम्बे म्हणाली.

पुन्हा पूड आली, पुन्हा गवत पेरलं. तिने खराटा म्वापेच्या हातात कोंबला. "घेऊन जा. घरात राहिला तर सकाळी माझा हात जाईल."

आता ती उजाडताच उठते आणि रिकाम्या हातांनी पायरीवर बसते. झाडून कधी एवढी दमली नव्हती, तेवढी बसून दमते. गवत पोटरीएवढं झालं. बाना चोलाने विचारलंच, "अगं, झाडलोट बंद? घरात कुणी गेलं की काय?"

एरवी हिने तिच्या सात पिढ्यांची धुणी धुतली असती. नुसती म्हणाली, "नाही. जाऊ नये म्हणून."

पावसाळा सरल्यावर आकडा आला अडतीस. म्वापे खूश. बाना लोम्बेने मात्र बोटांवर पाचापर्यंतचं अंतर मोजायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं.

"आजी, भूक लागली," गवतातून आवाज आला.

पोरगी कित्येक महिन्यांनी आपणहून मागत होती. बाना लोम्बे लगेच उठली नाही, गुडघे ऐकेनात. मग भिंतीला धरून उभी राहिली आणि मक्याच्या पिठाचा न्शिमा ढवळायला आत गेली. जाताना दारातलं वाळकं पान तिने पाहिलं, आणि तसंच पडू दिलं.