मास्तरीणबाईंची तहान

मेलेल्या माणसाचं घर रिकामं करणं सोपं असतं. मेलेलं माणूस त्या घरातनं बाहेर काढणं अवघड.

जन्मभर मी हाच धंदा केला. कुणी वारलं, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, घर बिल्डरला दिलेलं, की निरोप आम्हाला. पलंग, कपाटं, ढीगभर वर्तमानपत्रं, एकाच पायाच्या दोन चपला, सगळं आम्ही उचलायचो. विकण्यासारखं असेल ते भंगारात, वापरण्यासारखं असेल ते गरजूला, आणि दोन्ही नसेल ते आमच्या घरी! (आमच्याकडं पाहुण्याला बसायला जागा नसते, ती माणुसकी नाही म्हणून नव्हे.)

सामान तर कुणीबी उचलतो. माझं नाव झालं ते दुसऱ्या गोष्टीसाठी. माझ्या बापानं मला एक रीत शिकवली होती. घर पुरतं रिकामं झालं, की चुलीच्या जागी आपल्या घरच्या पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायचा. उसनं पाणी चालत नाही. गेलेल्या माणसाला हात जोडायचे आणि निघायचं. कोपरा वळेपर्यंत मागं बघायचं नाही. बाईमाणसानं मागं थांबून सगळ्यांची पावलं झाडून टाकायची, दाराला कुलूप लावायचं आणि मग यायचं. सकाळी तांब्यातलं पाणी जसंच्या तसं असलं, तर माणूस समाधानानं गेलं, घर खऱ्यानं रिकामं झालं. तेव्हाच मी किल्ली देणार. पाणी कमी झालं, तर आत कुणीतरी आहे! मग मालक किती का नाचेना, माझ्या कमरेची किल्ली सुटायची नाही.

तर ते साल दुष्काळाचं होतं. नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं, तेही यायचं की नाही याची खातरी नाही. आमची कौसाबाई, म्हणजे माझी बायको, पिंपात काठी बुडवून पाणी मोजायची. मला तोंड धुवायला मिळायचा एक पेला, आणि उरलेलं तुळशीला घालायची ताकीद.

अशात सिडकोतल्या एका गल्लीतलं बैठं घर आलं. एक मास्तरीणबाई तिथं एकट्या राहायच्या. मूलबाळ नाही. पुतण्यानं घर बिल्डरला दिलं होतं. बिल्डरचा माणूस अन्वर मला पहिल्याच दिवशी म्हणाला, "चाचा, ये पूरी गल्ली गिरनेवाली है. पहला घर टाइमपे खाली करके दिया, तो बाकी के सब घर तुम्हारेच."

"अन्वरमियाँ," मी म्हणालो, "टाइमाचं मला सांगू नका. घर रिकामं झालं की मी सांगतो."

सामान दोन दिवसांत निघालं. मदतीला आमचे जावई संतोषराव आले होते. ते वाळूजला कंपनीत, राहायला बजाजनगरला. कंपनीनं आठ दिवस काम बंद ठेवलं होतं, म्हणून मोकळे. सामान निघालं आणि त्या घराचं रूपच पालटलं. भिंतीवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन राहिले. मिटल्या डोळ्यांनी कुणीतरी आपल्याकडं बघावं, तसे ते बघायचे. मी खोकलो की मागच्या खोलीत कुणीतरी खोकायचं, जरा उशिरानं आणि जरा बारीक आवाजात. कोरड्या नळाची तोटी उघडी होती. तिच्यातनं मधूनच आवाज यायचा. फुस्स… थांबायचं. फुस्स…

"हवा हाय मामा, पाइपातली," जावई म्हणाले.

"हवा आसती तर अशी थांबून थांबून आली आसती काय?" मी म्हणालो. "श्वास हाय त्यो."

मागच्या खोलीत बाई शिकवण्या घ्यायच्या. तिथं भिंतीवरच काळा रंग दिलेला फळा होता. भिंत काही उचलून नेता येत नाही, म्हणून तो राहिला. त्यावर एकोणतीसचा पाढा बाईंच्या हातचा, सहाव्या ओळीवर थांबलेला. पुढं खडू घासल्याची नुसती रेघ, खाली खाली गेलेली. त्या खोलीत मी पाठ करून कधी उभा राहिलो नाही.

तिन्हीसांजेला मी तांब्या ठेवला. कौसाबाई पिंपाकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होती, तरी मी घरून भरून आणलाच होता. हात जोडले. कौसाबाई मागं झाडत राहिली, आम्ही दोघं कोपऱ्यावर गेलो. ती आली. एका हातात झाडू, दुसऱ्या हातात कामावर प्यायच्या पाण्याचा कॅन. घरी गेलो.

सकाळी दार उघडलं. तांब्या कोरडा ठणठणीत!

संतोषराव तांब्यात वाकून बघायला लागले.

"मामा, उन्हाळा हाय. वाफ झाली आसंल."

"बंद घरात एका रातीत तांब्याभर वाफ? मग कंपनीत सांगा तुमच्या, तुमाला मॅनेजर करत्याल!"

अन्वर किल्लीसाठी फाटकात उभाच होता. मी त्याला उलटा तांब्या दाखवला. "मास्तरीणबाई आत हायेत. तहानलेल्या गेल्या बिचाऱ्या. घर रिकामं नाय."

अन्वरनं मान लांब करून आत बघितलं. नेमका तेव्हाच नळ म्हणाला, फुस्स. अन्वर फाटकाबाहेर.

दुसऱ्या दिवशी मी कळशी नेली. कौसाबाईनं घरात रामायण केलं. "जित्या माणसाला आंगुळीला पाणी नाय, आन मेलेल्याला कळशी! माज्या मढ्याला तरी घालशाल का एवढं?" मी ऐकलं नाही. मी कुणाचं ऐकत असतो तर शाळाच शिकलो नसतो का? कळशी ठेवली, हात जोडले, मागं न बघता कोपऱ्यापर्यंत चाललो.

सकाळी कळशी रिकामी. आणि चुलीपासून दारापर्यंत पाण्याच्या थेंबांचे वाळलेले डाग!

"बघा," मी दबक्या आवाजात म्हणालो, "आज उंबऱ्यापतूर आल्या."

संतोषराव आतापर्यंत माझ्या पुढं चालायचे, ते मागं चालायला लागले.

तिसऱ्या दिवशी घागर. घागरही गेली. गल्लीत बातमी पसरली. एरवी त्या फाटकात झोपणारं कुत्रं रस्त्याच्या पलीकडं जाऊन बसलं. (नंतर कळलं, पलीकडं सावली होती.) मी चहाच्या टपरीवर लोकांना समजावून सांगू लागलो. चांगल्या पावसाच्या सालात माणसं सुखानं जातात, तांब्या जागचा हलत नाही. दुष्काळाच्या सालात जीव घशाशी अडकतो. हा माझा अनुभव होता, पुस्तकातलं नव्हे! लोक माना डोलवायचे. एक जण तर वहीत लिहून घेत होता.

एक नवल मात्र घरी चाललेलं. मी रोज एवढं पाणी नेतोय, तरी आमचं पिंप खाली जाईना. तुळशीला नवी पालवी फुटली. आणि चौथ्या दिवशी कौसाबाई न्हायली! डोक्यावरनं! केस मोकळे सोडून ओट्यावर बसली होती, आणि चक्क गुणगुणत होती. मी देवाला हात जोडले.

"बाईंचा आशीर्वाद हाय ह्यो," मी म्हणालो. "आपुन त्यांची तहान भागिवली, त्यांनी आपलं पिंप राखलं."

"व्हय, व्हय," कौसाबाई म्हणाली. "लई गुणाची हाय बाई."

त्या दिवशी अन्वरनं निर्वाणीचं सांगितलं. "चाचा, सेठ बोलताय, कल सुबू मशीन आनेवाली. चाबी नै मिली तो दुसरे आदमी कू बुलाते. फिर गल्ली भी उसकीच."

सगळी गल्ली हातची चालली होती. पण आत माणूस असताना वर मशीन घालायचं? मी म्हणालो, "आज शेवटचं. आज बाईंची पोटभर तहान भागवतो. उद्या किल्ली."

दोन हंडे भरले. कौसाबाई एका शब्दानं भांडली नाही, तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं. उलट तिनं आज दोन कॅन घेतले.

"दोन कशाला गं?"

"धुळीचं काम हाय. तहान लागती."

घरात उचलायला काडी राहिली नव्हती, झाडून झाडून फरशी आरशासारखी झालेली, तरी मला वाटलं, बरोबर आहे.

दिवेलागणीला हंडे चुलीच्या जागी ठेवले. त्या दिवशी तोटी गप्प होती, आणि ते जास्त वाईट वाटत होतं. मागच्या खोलीतला अंधार दारात येऊन उभा राहिला होता. मी हात जोडले. "बाई, प्या आन जावा." एवढं म्हणून निघालो. कोपऱ्यावर संतोषराव, अन्वर आणि गल्लीतले पाचसहा जण थांबले होते. कुणी मागं बघत नव्हतं.

कौसाबाई येईना.

एरवी बिडी संपायच्या आत यायची. एक बिडी झाली, दुसरी झाली. आणि मग त्या शांततेत घराकडून आवाज आला. डब… डब… डबडबडब…

"पी रही है!" अन्वर म्हणाला आणि संतोषरावांचा हात धरला.

आत बाई पाणी पितेय. आणि आत कौसा आहे!

जन्मात पहिल्यांदा मी मागं वळलो. रीत गेली, नाव गेलं, गल्ली गेली. चपला तिथंच टाकून मी पळालो. उंबऱ्यातनं आत बघितलं तर चुलीच्या जागी एक बाई वाकलेली. केस मोकळे, तोंडावर आलेले. पदर ओढून कशावर तरी ताणलेला, आणि त्या पदराखालून डबडब, डबडब.

मी धडपडत आत गेलो आणि हंड्याचा काठ धरून आडवाच पडलो. "बाई! माज्या कौसाला सोडा! तिच्याबिगर माजं कसं व्हायचं! मला न्या, मला न्या!" (हे मी घाईत बोललो.) "मी लोकांला सातवी पास सांगतो, ते खोटं हाय बाई! तिसरीतनंच पळालो! एकोणतीसचा पाढा मला येत नाय! एकोणीसचा बी येत नाय!"

आवाज थांबला. केस मागं झाले.

"आवो, आधी हात काढा त्यो हंड्यातनं! बिडीचा हात! पिण्याचं पाणी हाय त्ये!"

मी वर बघितलं. कौसाबाई! कॅनच्या तोंडावर पदर ताणून हंड्यातलं पाणी गाळून भरत होती.

"तू… तूच रोज…?"

"मग काय! इतक्या लांबनं आणलेलं पाणी सोडून जाऊ? तुमी मागं बघायचं नाय म्हणता, तवर म्या कॅन भरून घेती. तांब्याचं तर काय नाय, पर कळशीनं कॅन काठोकाठ भरला, तवा दारापतूर सांडत गेलं जरा."

चार दिवस मी घरचं पाणी इथं आणत होतो आणि ती इथलं पाणी घरी नेत होती. पिंप खाली कसं जाईल!

मागं दारात सगळे जमले होते. किती ऐकलं असं मी विचारलं नाही. संतोषरावांनी तोंडात रुमाल कोंबला होता, त्यावरनं समजलं. अन्वर डोळे पुसत म्हणाला, "तो चाचा, घर खाली है ना?"

मी उठलो, धोतर झटकलं, कमरेची किल्ली सोडली आणि ताठ मानेनं दिली. "हाय. मी सांगतो म्हंजी हाय."

"सब घर तुम्हारेच, चाचा. लेकिन चाची कू साथ लाना. सेठ कू बोलता मैं, येइच असली मालक है."

घरी येताना दोन्ही कॅन मी उचलले. कौसाबाई झाडू घेऊन पुढं चालली होती. मग मी हळूच विचारलं, "ह्याच घरात केलंस ना हे? दुसरीकडं कुटं नाय ना?"

"दुसरीकडं म्हंजी?" ती न थांबता म्हणाली. "स्टेशनापलीकडच्या वकिलाच्या घरात केलं. खुलताबादच्या त्या पैलवानाच्या घरात केलं. त्या दोघी जावांच्या घरात तर आठ दिस केलं, तवा पोरगी तान्ही व्हती, दुपटी धुवायला पाणी नव्हतं. पाऊस बरा आसला की नाय करायची म्या."

मी कॅन खाली ठेवले आणि रस्त्याच्या कडेला बसलो. वकील, पैलवान, दोघी जावा… या सगळ्यांना मी नारळ दिले होते, समजूत घातली होती, पैलवानाची तर हातापाया पडून माफी मागितली होती. जन्मभर लोकांना सांगत आलो, की मी एवढी भुतं बघितली आणि एकालाही भ्यालो नाही. भ्यालो नाही हे खरंच आहे. फक्त त्यातल्या प्रत्येकाशी माझं लगीन झालेलं होतं, एवढंच मला माहीत नव्हतं!